शाईचे रंग ओळखा, मग प्रिंटरला हात लावा: घरच्या इंकजेटची दुरुस्ती

प्रिंट फिकट आली की बहुतेक घरांत लगेच हेड क्लीनिंग, म्हणजे कागदावर शाई फेकणारं हेड साफ करायची प्रिंटरमधलीच सोय, सुरू होतं. एकदा करून फरक पडत नाही, म्हणून दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. टाकीतली शाई बोटभर खाली जाते आणि प्रिंट होती तशीच राहते. साध्या क्लीनिंगने एकच दुखणं बरं होतं, ते म्हणजे तुंबलेलं नोझल, हेडमधलं शाई बाहेर पडायचं बारीक छिद्र. कागदाची सेटिंग चुकली असेल, टाकी रिकामी होऊन नळीत हवा शिरली असेल किंवा कार्ट्रिजचे काँटॅक्ट (प्रिंटरशी वीज जोडणारे धातूचे ठिपके) मळले असतील, तर असं क्लीनिंग कितीही वेळा करा, शाई वाया जाण्यापलीकडे काही होत नाही. म्हणून क्रम पक्का ठेवायचा. कागदावर काय उमटलंय ते आधी नीट बघा, कोणता रंग गायब आहे ते ठरवा आणि मगच उपाय निवडा.

इथे लिहिलेलं सगळं इंकजेट प्रिंटरबद्दल आहे. त्यात शाईच्या टाकीवाले आले आणि कार्ट्रिजवालेही. लेझर प्रिंटरमध्ये शाई नसून टोनरची पावडर असते, त्यामुळे शाईबद्दलचं काहीही त्याला लागू होत नाही.

चार रंग आणि त्यांचं गणित

स्क्रीनवर लाल, हिरवा आणि निळा प्रकाश एकमेकांत मिसळून रंग तयार होतात. कागदावर उलटं घडतं. तिथे शाई पांढऱ्या उजेडातला काही भाग शोषून घेते आणि उरलेला आपल्याला दिसतो. सायन म्हणजे हिरवट निळी शाई लाल प्रकाश शोषते, मजेंटा म्हणजे गडद गुलाबी शाई हिरवा, आणि पिवळी शाई निळा. त्यामुळे लाल रंग छापायला मजेंटा आणि पिवळा लागतो, हिरव्याला सायन आणि पिवळा, निळ्याला सायन आणि मजेंटा. तिन्ही एकत्र केल्यावर खरं तर काळा यायला हवा, पण प्रत्यक्षात मातकट तपकिरी येतो. म्हणून काळी शाई वेगळी द्यावी लागते. दुकानात मजेंटाची बाटली बऱ्याचदा ‘लाल’ म्हणूनच मिळते. निव्वळ लाल रंगाची शाई साध्या चार-रंगी प्रिंटरमध्ये नसतेच, त्यामुळे बाटली घेताना आणि टाकी भरताना रंगाच्या नावापेक्षा बाटलीवरचा क्रमांक आणि अक्षर बघा: सायनला ‘सी’, मजेंटाला ‘एम’, पिवळ्याला ‘वाय’ आणि काळ्याला ‘बीके’.

हे गणित कळलं की बिघडलेली प्रिंट वाचता येते. नारिंगी झेंडू, हिरवी पानं आणि मागे निळं आकाश असा कुठलाही फोटो छापून बघा. झेंडू ठीक आहे पण पानं पिवळी पडली आणि आकाश गुलाबी झालं, तर सायन येत नाही. झेंडू लिंबासारखा पिवळा झाला, आकाश हिरवट निळं झालं आणि पानं मात्र ठीक आहेत, तर मजेंटा गेला. झेंडू गुलाबी आणि पानं निळी झाली, तर पिवळा. रंग सगळे बरोबर आहेत, पण सावल्यांत दम नाही आणि मजकूर तपकिरी किंवा पुसट दिसतोय, तर काळ्याकडे वळा. तिन्ही रंग सारखेच फिके वाटत असतील तर नोझलवर संशय घेऊ नका. आधी ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकातल्या प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘ड्राफ्ट’ दर्जा किंवा चुकीचा कागद निवडला गेलाय का ते बघा.

डाय आणि पिगमेंट

शाई दोन जातीची असते. डाय शाईत रंग पूर्ण विरघळलेला असतो. ती कागदाच्या तंतूंत उतरते, चकचकीत दिसते आणि पाणी लागलं की पसरते. पिगमेंट शाईत रंगाचे अतिबारीक कण तरंगत असतात. ते कागदाच्या वरच बसतात, अक्षर ठसठशीत येतं आणि सुकल्यावर पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. एपसनच्या ६६४ क्रमांकाच्या चारही बाटल्या डाय शाईच्या असतात. एपसनच्याच ००१ मालिकेत काळी पिगमेंट आणि रंगीत डाय असते. कॅननच्या जी२०००, जी३००० या प्रिंटरना लागणाऱ्या जीआय-७९० शाईतही काळी पिगमेंट असते, बाटली १३५ मिलीची. रंगीत बाटल्या ७० मिलीच्या आणि डाय शाईच्या. एचपीच्या जीटी५३ बाटलीतली काळी शाईही पिगमेंट.

याचे तीन परिणाम रोजच्या वापरात जाणवतात. अर्ज, करारनामा, पोस्टाने जाणारा पत्ता अशा गोष्टी डाय शाईवर छापल्या असतील तर पावसाच्या एका थेंबाने अक्षरं फुटतात; हायलायटर फिरवला तरी पसरतात. दुसरं, पिगमेंट काळी शाई चकचकीत फोटो कागदावर नीट बसत नाही, म्हणून कागद ‘ग्लॉसी’ निवडला की असे प्रिंटर काळा रंग तिन्ही रंगांपासून बनवतात. म्हणजे फोटोतला काळा खूपच तपकिरी आला, तर दोष काळ्या टाकीत नसून बहुधा तीन रंगांपैकी एकात असतो. तिसरा परिणाम सर्वांत महागात पडतो. डाय शाईसाठी बनवलेल्या हेडमध्ये पिगमेंट शाई ओतली तर ती सुकून नोझलमध्ये घट्ट बसते. स्वस्त पर्यायी शाई घ्यायचीच असेल तर निदान तुमच्या मॉडेलच्या त्या रंगाची जात बघून घ्या.

फक्त काळा मजकूर छापत असूनही रंगीत शाई का संपते, हा प्रश्न अनेकांना पडतो. प्रिंटर अधूनमधून आपणहून सगळी नोझल साफ करतो, त्यात चारही रंग जातात. शिवाय ड्रायव्हरमध्ये ‘ग्रेस्केल’ निवडलेलं नसेल तर राखाडी छटा रंग मिसळून बनतात. नुसता मजकूर असेल तेव्हा ग्रेस्केल लावा. पण रंगीत नोझल अजिबात वापरायचीच नाहीत असंही करू नका. आठवड्यातून एक रंगीत पान छापलं तर शाई सुकत नाही, आणि त्या पानाला लागणारी शाई एका क्लीनिंगच्या शाईपेक्षा कितीतरी कमी असते.

नोझल चेक

दुरुस्तीची सुरुवात इथूनच. संगणकावर प्रिंटरच्या ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मध्ये जा, ‘मेंटेनन्स’ किंवा ‘युटिलिटी’चा टॅब उघडा आणि ‘नोझल चेक’ द्या. एचपीमध्ये यालाच ‘प्रिंट क्वालिटी रिपोर्ट’ म्हणतात. साधा ए४ कागद लावा. बारीक रेषांच्या जाळ्या किंवा रंगीत पट्टे उमटतील. एपसनच्या जाळीतली प्रत्येक छोटी रेघ एकेका नोझलची असते. रेघ तुटली म्हणजे ते नोझल बंद.

पिवळ्या रेषा पांढऱ्या कागदावर डोळ्याला धड दिसत नाहीत आणि हमखास इथेच चूक होते. मोबाइलवर पूर्ण निळ्या रंगाचं चित्र उघडा, ब्राइटनेस वाढवा, खोलीतला दिवा बंद करा आणि त्या निळ्या उजेडात कागद धरा. पिवळी शाई निळा प्रकाश शोषते, त्यामुळे रेषा काळपट होऊन स्पष्ट दिसतात. कुठे तुटल्यात ते एका नजरेत कळतं.

आता निष्कर्ष. एखाद-दुसरी रेघ तुटलीय: एक क्लीनिंग पुरेल. एका रंगाचा अख्खा पट्टा गायब आहे: आधी टाकी बघा. पातळी खालच्या रेषेच्या खाली असेल तर नळीत हवा गेलेली असण्याची शक्यता जास्त. टाकी भरलेली असूनही पारदर्शक नळीत मधे मधे रिकामी जागा दिसतेय, तरी तेच. पिवळ्या पट्ट्यात हिरवट झाक आहे: शेजारचा रंग नोझलच्या तोंडाशी मिसळलाय. भरगच्च पिवळ्या रंगाची दोन पानं छापा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. जाळी अगदी पूर्ण आहे आणि तरी प्रिंट वाईट येतेय: क्लीनिंग करूच नका, दोष दुसरीकडे आहे.

क्लीनिंग किती वेळा

क्लीनिंग आणि नोझल चेक ही जोडी तीनदा करा, त्यापुढे थांबा. एपसनच्या सूचनेनुसार तिसऱ्या वेळेनंतरही फरक नसेल तर प्रिंटर बंद करून किमान १२ तास तसाच ठेवायचा आणि मग परत नोझल चेक द्यायचा. कॅननमध्ये साध्या क्लीनिंगनंतर ‘डीप क्लीनिंग’ असतं. त्यानेही काम झालं नाही तर प्रिंटर बटणाने बंद करायचा, प्लग न काढता २४ तास थांबायचं आणि एकदा परत डीप क्लीनिंग करायचं. हे थांबणं म्हणजे वेळकाढूपणा नव्हे. या वेळात हेडमधले हवेचे बुडबुडे बसतात आणि सुकलेली शाई ओल्या शाईत मऊ पडते. पाठोपाठ क्लीनिंग केलं तर उलट आणखी हवा ओढली जाते.

नळीत हवा असेल तर टाकीवाल्या प्रिंटरमधलं मोठं क्लीनिंग लागतं. एपसनमध्ये ते ‘पॉवर क्लीनिंग’ किंवा ‘पॉवर इंक फ्लशिंग’, कॅननच्या जी मालिकेत ‘सिस्टीम क्लीनिंग’. यात नळ्यांमधली सगळी शाई बदलली जाते. एपसनमध्ये त्याआधी प्रत्येक टाकी निदान एक तृतीयांश भरलेली हवी, नाहीतर हवा काढायला जाऊन जास्तच हवा भराल. हा शेवटचा उपाय आहे.

क्लीनिंगमध्ये वाहून जाणारी शाई प्रिंटरच्या तळाशी असलेल्या शोषक पॅडमध्ये जमते. किती शाई गेली याचा हिशोब प्रिंटर ठेवतो आणि मर्यादा गाठली की छापणं थांबवतो. कॅननमध्ये ५बी०० हा कोड येतो, एपसनमध्ये पॅडचं आयुष्य संपल्याचा संदेश. विनाकारण केलेलं प्रत्येक क्लीनिंग ही तारीख जवळ आणतं. इंटरनेटवर मिळणारी फुकट रीसेट सॉफ्टवेअर यावरचा उपाय म्हणून सांगितली जातात. त्यांत व्हायरस असण्याचा धोका मोठा आहे, आणि मोजणी शून्यावर आली तरी पॅड भिजलेलंच राहतं. मग शाई टेबलावर गळते. पॅड बदलूनच मोजणी शून्य करून घ्या. नव्या काही मॉडेलमध्ये, उदाहरणार्थ कॅननच्या जी२०२० आणि जी३०२० मध्ये, मेंटेनन्स कार्ट्रिज मिळतं आणि ते घरी बदलता येतं. नवीन प्रिंटर घेताना ही सोय आहे का हे जरूर विचारा.

कार्ट्रिज हाताने साफ करणं

एचपीच्या ८०३, ६८० अशा कार्ट्रिजमध्ये नोझल कार्ट्रिजच्याच तळाशी असतात. त्यामुळे घरी साफ करायला हे सर्वांत सोपे. प्रिंटर चालू ठेवून झाकण उघडा, कार्ट्रिज मध्यभागी आली की काढा. नंतर:

१. टिश्यू पेपरची चार पदरी घडी करा आणि कोमट डिस्टिल्ड पाण्याने ओली करा, ठिबकणार नाही इतपत. नळाच्या पाण्यातले क्षार नोझलमध्ये बसतात, म्हणून ते नको.

२. कार्ट्रिज नोझलच्या बाजूने त्यावर मिनिटभर टेकवून ठेवा. घासू नका.

३. कोरड्या टिश्यूवर हलकेच दाबा. रंगीत कार्ट्रिजचे तीन वेगळे पट्टे उमटायला हवेत: सायन, मजेंटा, पिवळा. काळ्याचा एकच सलग पट्टा. एखादा पट्टा कोरडाच राहिला तर परत मिनिटभर टेकवा. तिसऱ्या वेळेलाही कोरडा राहिला तर बहुधा त्या रंगाची शाई संपलीय.

४. तांब्याच्या रंगाचे काँटॅक्ट चष्मा पुसायच्या कापडाचा कोपरा डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पुसा, आणि कार्ट्रिज जिच्यात बसते त्या सरकत्या गाडीतले समोरचे काँटॅक्टही. ‘कार्ट्रिज ओळखता येत नाही’ हा संदेश पुष्कळदा एवढ्यानेच जातो.

कार्ट्रिज अर्ध्या तासाहून जास्त बाहेर ठेवू नका. उद्या सकाळी हॉल तिकीट छापायचंय आणि रंगीत कार्ट्रिज मेलीय, अशी वेळ आली तर एचपीच्या बऱ्याच डेस्कजेटमध्ये ती काढून ठेवून नुसत्या काळ्यावर छापता येतं.

एचपी आणि कॅननचं हेड शाईला क्षणभर उकळून थेंब फेकतं. शाई नसताना ते चालवलं तर शाई तापवणारा आतला सूक्ष्म रोध (रेझिस्टर) तापून जळतो, आणि तो परत जोडता येत नाही. टाकी पूर्ण रिकामी होईपर्यंत छापत राहणं या प्रिंटरना सर्वांत घातक.

एपसनचं हेड आणि उजव्या टोकाची टोपी

एपसनचं हेड कायमचं प्रिंटरमध्येच बसवलेलं असतं. ते उष्णतेवर चालत नाही. विजेने वाकणारा पिझो स्फटिक थेंब ढकलतो, त्यामुळे हेड टिकाऊ असतं, पण काढून धुणं घरच्या माणसाचं काम नाही. मात्र उजव्या टोकाला, जिथे गाडी विश्रांतीला थांबते, तिथे स्पंज असलेली एक रबरी टोपी असते. ती नोझलवर घट्ट बसून शाई सुकू देत नाही आणि क्लीनिंगच्या वेळी तिच्यातूनच शाई ओढली जाते. या टोपीच्या कडेवर केस, धूळ किंवा सुकलेली शाई असली तर हवा आत जाते आणि आज साफ केलेलं नोझल परवा परत तुंबतं. वारंवार एकच तक्रार येत असेल तर दोष बहुधा इथेच सापडेल.

एक पान छापायला द्या, गाडी डावीकडे सरकली की प्लग काढा. आता गाडी हाताने सरकते. कान कोरायची काडी डिस्टिल्ड पाण्यात भिजवून टोपीची रबरी कड चारही बाजूंनी पुसा, शेजारची रबरी वायपर पट्टीही पुसा. स्पंजवर थेंब थेंब करून आठ-दहा थेंब डिस्टिल्ड पाणी सोडा. कडेच्या वर येऊ देऊ नका. गाडी हळूच उजव्या टोकाला सरकवा आणि रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी चालू करून एक क्लीनिंग आणि नोझल चेक. सॅनिटायझर, काच पुसायचा स्प्रे किंवा थिनर यांतलं काहीही वापरू नका. सिरिंजने जोरात पाणी मारल्यास हेडच्या आतले पडदे फाटतात.

तिथे हात घातलाच आहे तर एक गोष्ट सांभाळा. गाडीच्या मागे आडवी, पारदर्शक, बारीक रेषांची प्लॅस्टिकची पट्टी असते. गाडी नेमकी कुठे आहे हे प्रिंटर तिच्यावरून वाचतो. तिला शाई किंवा बोटाचं तेल लागलं तर गाडी कडेला आपटते किंवा मजकूर सरकतो. तसं झालं असेल तर किंचित ओल्या कापडाने अलगद पुसून कोरडी करा, ओढू नका.

वीज आणि हवामान

प्रिंटर नेहमी त्याच्या बटणाने बंद करा. बटण दाबल्यावर गाडी टोपीवर जाऊन बसते. भिंतीवरचा स्विच थेट बंद केला तर ती मधेच उघडी राहू शकते. भारनियमनात छापता छापता वीज गेली, तर वीज आल्यावर प्रिंटर चालू करून परत बटणाने बंद करा. रात्री तसाच सोडू नका.

एपसनच्या घरगुती मॉडेलना १० ते ३५ अंश तापमान आणि २० ते ८० टक्के आर्द्रता योग्य सांगितलेली असते. विदर्भ-मराठवाड्यातला मे महिना आणि कोकण-गोव्यातला जुलै दोन्ही या चौकटीबाहेर जातात. उन्हाळ्यात आठवड्यात दोनदा रंगीत पान छापा, आणि प्रिंटर कूलरच्या झोतात ठेवू नका: तिथे कागद दमट होतो आणि धूळही येते. पावसाळ्यात त्रास कागदाचा. दमट कागद एकमेकांना चिकटतो, दोन-तीन पानं एकदम ओढली जातात, कड वळते आणि शाई पसरते. रिम उघडल्यावर उरलेली पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद ठेवा आणि ट्रेमध्ये लागतील तेवढीच लावा. रोजच्या वापराला ७५ जीएसएमचा (दर चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा) कागद ठीक. लावण्याआधी गठ्ठा दोन्ही बाजूंनी फुलवून घ्या.

कागद अडकला तर प्लग काढा आणि तो ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने दोन्ही हातांनी सावकाश ओढा. फाटला तर तुकडा शोधल्याशिवाय परत चालू करू नका. कागद उचललाच जात नसेल तर ओढणाऱ्या रबरी रोलरवर कागदाची भुकटी बसलीय. ओल्या कापडाने रोलर फिरवत पुसा.

जाळी पूर्ण आहे तरी प्रिंट वाईट

उभ्या रेषा दोन दिसतात किंवा दातेरी येतात, तर ‘हेड अलाइनमेंट’ करा. साधारण अडीच सेंटिमीटर अंतराने आडवे पट्टे दिसत असतील तर ड्रायव्हरमधला कागद आणि ट्रेमधला कागद जुळतोय का बघा, त्यानंतर अलाइनमेंट. पानावर शाईचे डाग किंवा कडेला घासल्याच्या खुणा आल्या तर जाड कागदाची सेटिंग निवडा आणि वळलेला कागद उलट बाजूने वाकवून सपाट करा.

प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवत असेल तर आधी वाय-फाय. घरगुती प्रिंटर बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. राउटर बदलल्यावर प्रिंटर सापडत नाही, त्याचं हेही एक कारण असू शकतं. रांगेत अडकलेलं काम निघत नसेल तर विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘प्रिंट स्पूलर’ थांबवा, सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या क्रमाने आत जाऊन तिथल्या फाइल पुसा (फोल्डर पुसू नका) आणि स्पूलर परत चालू करा.

मराठी पीडीएफ स्क्रीनवर नीट दिसते, पण कागदावर चौकोन किंवा तुटलेली जोडाक्षरं येतात, ही तक्रार सरकारी दाखले छापताना बऱ्याचदा येते. यात शाई आणि हेड निर्दोष असतात. प्रिंटर ड्रायव्हरला तो फाँट नीट हाताळता येत नाही. अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या प्रिंट खिडकीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ उघडा, ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’वर खूण करा आणि छापा. पान थोडं सावकाश निघेल, पण स्क्रीनवर अक्षर नीट दिसत असेल तर कागदावरही तसंच येईल.